रामबाग-नारायणबागेतली जुनी घरं, रांगती मुलं आणि डीडीटी-बीएचसी: नेमकं काय सांभाळायचं?

कुंची_टोपरं
इंदूरच्या जुन्या मराठी वस्त्यांत माळ्याला तीस-चाळीस वर्षं हात न लागलेली घरं अजून पुष्कळ आहेत. साफसफाई काढली की पांढऱ्या पावडरीचा डबा निघतो (बहुधा डीडीटी किंवा बीएचसी, ही जुनी, आता बंदी असलेली कीटकनाशकं), ट्रंकेत डांबराच्या गोळ्या, कोठीत गव्हाबरोबर कसलीतरी पुरचुंडी. आणि नेमकी ही साफसफाई निघते ती घरात तान्हं बाळ येणार म्हणून. प्रश्न तीन:

१) बंदी येऊन इतकी वर्षं झाली, तरी हे जुनं औषध रांगत्या बाळाला बाधू शकतं का?
२) आईच्या दुधात डीडीटी उतरतं म्हणतात. मग पाजायचं की नाही?
३) वाळवीचं औषध बाळ घरी येण्याआधी करून घ्यावं की नंतर?

भाज्या धुण्यावर आधीच तीन धागे आहेत, तो विषय कृपया इथे नको.

भुट्ट्याचा_कीस
भाज्या धुण्याचा विषय दहा प्रतिसादांच्या आत येणार. पैज, एक प्लेट पोहे-जिलेबी.

मायक्रोपिपेट
असल्या जुन्या औषधांना 'चिवट' म्हणतात. आधी ते म्हणजे काय ते सांगतो. डीडीटी, बीएचसी, आल्ड्रिन, क्लोर्डेन, एन्डोसल्फान ही सगळी क्लोरीनवाली मंडळी. पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत, चरबीत मात्र सहज मुरतात, आणि ती तोडणं जिवाणूंना जड जातं तसंच आपल्या यकृतालाही. डीडीटीचं शरीरात डीडीई होतं आणि गाडी तिथेच अडते. त्यातलं निम्मं बाहेर पडायला सहा ते दहा वर्षं लागतात.

बीएचसीची गंमत वेगळी आहे. तिच्यात अल्फा, बीटा, गॅमा, डेल्टा अशी भावंडं एकत्र नांदतात. किडे मारण्याचं काम मुख्यतः गॅमा करते, तिलाच लिंडेन म्हणतात. बीटाचा किड्यांना फारसा उपद्रव नाही, पण शरीरातून निम्मी जायला तीच सात वर्षं घेते. म्हणजे एका कामकऱ्याच्या मागे घरभर ऐतखाऊ.

भारतातल्या तारखा: डीडीटी शेतीतून १९८९ मध्ये बंद, डासांसाठीची सरकारी फवारणी पुढेही चालू. आल्ड्रिन आणि क्लोर्डेन १९९६. बीएचसी १ एप्रिल १९९७. एन्डोसल्फान १३ मे २०११, सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने. लिंडेनचा वापर २०१३ पर्यंत. आणि कुणाच्या फारसं लक्षात न आलेलं डायकोफॉल, जे कोळीनाशक म्हणून भाजीपाल्यावर मारत, त्याची बंदी थेट २०२३ ची. ते डीडीटीपासूनच बनतं आणि मालात थोडं डीडीटी उरतं. म्हणजे पुढच्या दारानं घालवलेला पाहुणा मागच्या दारानं येत होता.

प्रश्न १ चं उत्तर: हो. शेतात ऊन, पाऊस आणि माती हे औषध हळूहळू संपवतात. माळ्यावरच्या बंद डब्यात यातलं काहीच नाही. तो डबा १९८५ चा असला तरी आतला माल जवळपास तेवढाच कडक समजा.

सुंठेवडा
बाळांचं गणित वेगळं का, ते आकड्यांत बघा. पाच किलोचं बाळ दिवसाला साधारण ७५० मिली दूध पितं. आईच्या दुधात स्निग्धांश सुमारे ४ टक्के धरला तर रोज ३० ग्रॅम चरबी. साठ किलोच्या माणसानं त्याच हिशेबानं खायचं तर रोज ३६० ग्रॅम तूप! चरबीत मुरणारी वस्तू असेल तर तिचा वाटा वजनाच्या मानानं किती पडतो ते यावरून कळेल.

त्यात भर म्हणजे बाळ किलोमागे मोठ्या माणसाच्या दुपटीहून जास्त हवा ओढतं, आणि ओढतं ती जमिनीलगतची. फवारणीनंतर जमिनीपासून वीतभर उंचीवर औषधाची वाफ उभ्या माणसाच्या नाकाजवळच्या हवेपेक्षा जास्त असते, हे १९९० च्या सुमारासच मोजून झालंय. शिवाय हात तोंडात, खेळणं तोंडात, दाराची चौकटसुद्धा तोंडात.

तिसरी गोष्ट यंत्रणेची. क्लोरपायरिफॉससारख्या फॉस्फरसवाल्या औषधांचा शरीरात जो जहाल अवतार बनतो, त्याला निकामी करणारं पॅराऑक्सोनेज नावाचं विकर नवजात बाळात फार कमी असतं. मोठ्यांच्या पातळीला यायला वर्षं लागतात. अमेरिकेत १९९६ च्या कायद्यानं मुलांसाठी दसपट जादा सुरक्षेची अट घातली ती याच कारणांनी.

दुधाच्या प्रश्नावर सविस्तर नंतर लिहितो, ओपीडी आहे.

बिनखताचा
सरळ उपाय असताना एवढं रसायनशास्त्र कशाला? आईचं दूध बंद, देशी गाईचं सेंद्रिय दूध सुरू. सगळं विष शहरी खाण्यातून येतंय.

मायक्रोपिपेट
@बिनखताचा, गाय अन्नसाखळीत आपल्याच खालच्या पायरीवर आहे हो. डीडीटी वैरणीतून गाईच्या चरबीत, तिथून दुधात. दुधाचं तूप केलं की चरबी ४-६ टक्क्यांवरून ९९ च्या वर जाते, आणि चरबीत मुरलेलं बरोबर येतं. गोचीड जावे म्हणून बीएचसी पावडर जनावरांच्या अंगावर चोळायची पद्धत होती, तेव्हा तर हिशेबच नव्हता. सेंद्रिय शेतीत नवं औषध मारलं जात नाही हे खरं, पण मातीत १९८० पासून बसलेलं डीडीई त्या प्रमाणपत्राला विचारून बसलेलं नाही.

सुंठेवडा
आणि दुसरं कारण. वर्षाच्या आत वरचं गाईचं दूध मुख्य अन्न म्हणून द्यायचंच नाही. त्यात लोह कमी, क्षार आणि प्रथिनं बाळाच्या मूत्रपिंडाला जड, आणि आतड्यातून सूक्ष्म रक्तस्रावाची शक्यता.

आता प्रश्न २. खरं ते लपवत नाही. डब्याच्या दुधात लोण्याच्या जागी बहुधा वनस्पती तेल असतं, म्हणून त्यात डीडीई आईच्या दुधापेक्षा कमी निघतं. तरीही जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला पहिले सहा महिने निव्वळ स्तनपान हाच आहे. त्याची कारणं:

पहिलं म्हणजे डीडीई नाळेतून आधीच बाळाकडे गेलेलं असतं, आणि पुष्कळ अभ्यासांत वाढीवरच्या परिणामांचा संबंध दुधापेक्षा गर्भातल्या काळाशी जास्त ठळक दिसतो. दुसरं, जुलाब आणि न्यूमोनिया हा आजच्या बाळाचा आजचा धोका आहे आणि आईचं दूध त्यावर थेट काम करतं. तिसरं, बंदीनंतर आयांच्या दुधातलं प्रमाण उतरत आलंय. एकाच आईतही पाजण्याच्या महिन्यांगणिक आणि बाळंतपणागणिक ते कमी होतं, म्हणजे पहिलटकरणीच्या बाळाला वाटा सर्वात मोठा.

आईनं करायची गोष्ट एकच: पाजत असताना झपाट्यानं वजन उतरवू नये. अंगातली चरबी वितळली की तिच्यात बसलेलं सगळं रक्तात आणि दुधात येतं. महिन्याला दोन किलोच्या आत उतरलं तर चालतं. 'बाळंतपणाचं पोट ४० दिवसांत' असल्या व्हिडिओंना लांबून नमस्कार.

दुपटंवाली
मग डिंकाच्या लाडवातलं तूप चालेल ना? सासूबाई आणि गूगल यांचं एकमत होत नाहीये.

सुंठेवडा
चालेल. वाटीभर नव्हे, चमचाभर. शरीरातला साठा वीस-तीस वर्षांचा असतो, दोन महिन्यांच्या लाडवांनी त्यात फारसा फरक पडत नाही.

वाळवीचा_वैरी
प्रश्न ३ माझ्या धंद्यातला आहे, म्हणून नीट लिहितो. पूर्वी वाळवीला आल्ड्रिन आणि क्लोर्डेन वापरत. एकदा मारलं की दोन-तीन दशकं बघायला नको, कारण ते जमिनीतून जातच नसे. त्यांच्या जागी क्लोरपायरिफॉस २० टक्के ईसी (पाण्यात कालवायचं तेलकट औषध) आलं. एक लिटर औषध अधिक १९ लिटर पाणी म्हणजे १ टक्का द्रावण. अमेरिकेत घरगुती वापरातून ते २००० सालापासूनच काढायला लागले. २०२५ मध्ये त्याचं नाव स्टॉकहोम कराराच्या (चिवट विषांवरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) यादीतही गेलं, काही सवलती ठेवून. तान्हं बाळ येणाऱ्या घरात ते मारूच नये असं माझं मत. पाण्यातलं इमिडाक्लोप्रिड ३०.५ टक्के मिळतं, वास नाही, वाफ नगण्य.

काम कसं व्हायला हवं: भिंत आणि फरशी मिळते त्या सांध्यात १२ मिमीची भोकं, ३०० मिमी अंतरावर. भोकागणिक जास्तीत जास्त एक लिटर द्रावण जिरेपर्यंत, मग पांढऱ्या सिमेंटनं बुच. इतकंच. औषध फरशीच्या खाली गेलं पाहिजे, वर नाही.

काय चुकतं: पोरगा पाठीवर पंप घेऊन येतो आणि खोलीभर शिंपडून जातो, कारण ड्रिलला दोन दिवस लागतात आणि शिंपडायला अर्धा तास. वाळवीचं वारूळ जमिनीत, औषध फरशीवर, बाळ त्याच्यावर. वाळवी सोडून बाकी सगळ्यांना लागू पडतं.

दुसरी चूक लाकडाची. चौकटीत रॉकेलमध्ये कालवलेलं औषध ब्रशनं वरून फासतात. ते लाकडात भोक पाडून आत सोडायचं असतं. दात येणारं बाळ उभं राहायला चौकटच धरतं आणि तोंडही तिथेच लावतं. फासूनच झालं असेल तर महिनाभर वाळू द्या, मग त्यावर दोन हात ऑइलपेंट.

तिसरी चूक अशी की आवारातल्या बोअरच्या किंवा हौदाच्या अगदी शेजारी भोकं मारतात. तिथे औषध नकोच, लाकडावर आमिष लावून भागवा.

वेळ: बाळ येण्याच्या दोन महिने आधी. आई गरोदर असेल तर कामाच्या दिवशी आणि पुढचे आठ-दहा दिवस तिनं त्या घरात राहू नये. त्यानंतर खिडक्या उघड्या, ओलं पोछा तीनदा. काम आधी झालं नसेल तर मूल दोन वर्षांचं होईपर्यंत थांबा. वाळवीला घर खायला वर्षं लागतात, घाई तिला नाही आणि आपल्यालाही नको.

कुंची_टोपरं
@वाळवीचा_वैरी, झुरळांचं काय? स्वयंपाकघरात रांगतंच.

वाळवीचा_वैरी
फवारा नको, जेल. फिप्रोनिल ०.०५ टक्के किंवा इमिडाक्लोप्रिड २.१५ टक्के. मसुराच्या दाण्याएवढे ठिपके बिजागरीत, सिंकखाली, फ्रिजच्या मोटरपाशी. बाळाचा हात जिथे पोचत नाही तिथेच. आणि तो मुंग्यांचा खडू घरात आणूच नका. पांढरा, पाटीवरच्या खडूसारखा, बाळाला खाऊ वाटायला आणखी काय हवं? रेघ मारली की उडालेली भुकटी बरोबर रांगण्याच्या उंचीवर असते.

दुपटंवाली
ट्रंकेचा मुद्दा कुणी घेतला नाही. बारशाला आजीच्या ट्रंकेतली कुंची आणि दुपटी काढून तशीच बाळाला गुंडाळतात. डांबराच्या गोळ्यांतलं नॅप्थलीन डीडीटीसारखं चिवट नाही, हवेत उडून जातं, पण बंद ट्रंकेत कापडात भरपूर मुरतं. ज्या बाळांत जी-सिक्स-पीडी विकराची कमतरता असते त्यांच्या तांबड्या पेशी त्यानं फुटतात, आणि नवजात बाळाला कावीळ जोरात चढते.

कापड काढल्यावर आधी तीन-चार दिवस उन्हावाऱ्यात, मग गरम पाण्यात साबणानं दोनदा, मग परत ऊन. इस्त्री शेवटी. वास असताना गरम इस्त्री फिरवली तर तीच वाफ तुमच्या नाकात. आणि गोळ्यांऐवजी कापूर हा पर्याय नव्हे. कापराचा छोटा तुकडासुद्धा गिळला तर लहान मुलाला झटके येतात. त्यापेक्षा वाळलेला कडुनिंब घाला.

भुट्ट्याचा_कीस
म्हणजे ज्याला आपण 'आजीच्या लुगड्याचा वास' म्हणत होतो तो नॅप्थलीनचा होता? बालपणाचा पायाच हलवलात. (हलकेच घ्या.)

काळी_माती
आता कोठीकडे येऊ. माळव्यात वर्षाचा गहू भरायचा आणि त्यात सल्फासची गोळी टाकायची, ही सवय या धाग्यातल्या सगळ्या औषधांपेक्षा घातक आहे. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या ३ ग्रॅमच्या गोळीतून हवेतल्या ओलाव्यानं १ ग्रॅम फॉस्फीन वायू सुटतो. तो हवेपेक्षा किंचित जड. कोठी शयनघराच्या कोपऱ्यात आणि शेजारी पाळणा, ही मांडणी जीवघेणी आहे. ही गोळी फक्त सरकारी यंत्रणा आणि परवानाधारक धुरीवाल्यांसाठी आहे, पण सुटी मिळते हेच दुखणं. आधी घरोघर धान्यात ठेवायच्या ईडीबी या कीडनाशकाच्या काचेच्या कुप्या असत, त्या २००१ मध्ये बंद झाल्या.

काय करायचं: एप्रिलच्या उन्हात गहू दोन दिवस पातळ पसरा. दाताखाली दाणा कट्टकन फुटला पाहिजे, म्हणजे ओल १० टक्क्यांच्या आसपास. ऊन खाल्लेला गहू गरम असताना भरू नका, रात्रभर थंड होऊ द्या, नाहीतर झाकणाला आतून घाम सुटतो आणि तिथूनच टोके लागतात. पत्र्याची कोठी काठोकाठ भरा, झाकणाच्या कडेला गव्हाच्या पिठाची खळ लावून बंद. तूरडाळीला किलोमागे चहाचा एक चमचा एरंडेल, चोळून. बोरिक पावडर मोठ्यांसाठीही शहाणपणाची नाही, ज्या धान्यातून बाळाची पेज होणार त्यात तर अजिबात नको.

आणि एक, जे शहरात कुणी सांगत नाही. गावाकडून 'उरलंय' म्हणून येणारं पेरणीचं बियाणं. त्याला थायरमसारखं बुरशीनाशक लावलेलं असतं आणि ओळखू यावं म्हणून लाल-गुलाबी रंग. धुतलं की रंग जातो, औषध सगळं जात नाही. तुर्कस्तानात १९५५ ते १९५९ दरम्यान हेक्झाक्लोरोबेन्झीन लावलेलं गव्हाचं बियाणं लोकांनी दळून खाल्लं. हजारोंना त्वचेचा विकार झाला. आयांच्या दुधातून ते अंगावर पिणाऱ्या मुलांत गेलं आणि अंगावर गुलाबी चट्टे येऊन मुलं दगावली. काही गावांत २ ते ५ वयाची मुलंच उरली नव्हती. हेक्झाक्लोरोबेन्झीन आज स्टॉकहोम कराराच्या पहिल्या बारांत आहे ते उगाच नाही. (थायरम तेवढं चिवट नाही, पण दळायचं कारण नाही.)

पिवळा_त्रिकोण
शेजारच्या पिथमपूर या औद्योगिक गावाचा विषय काढल्याशिवाय इंदूरचा धागा पुरा होत नाही. भोपाळच्या वायुकांडातल्या (युनियन कार्बाइडच्या) कारखान्यातला ३३७ टन कचरा जानेवारी २०२५ मध्ये १२ कंटेनरांतून तिथे आला आणि जूनअखेरपर्यंत जाळून झाला. यशवंत सागर तलावाचं पाणी पिणाऱ्यांनी बाळांची काळजी करावी का?

मायक्रोपिपेट
भीती आणि धोका वेगळे करून बघू. भोपाळच्या कारखान्यात बनणारं सेव्हिन म्हणजे कार्बारिल, ते कार्बामेट गटातलं, चिवट नाही. (भारतात तेही २०१८ पासून बंद आहे.) चिवट भाग दोन. एक, कारखान्याच्या त्या जागेत बीएचसीचे अवशेषही आहेत. दोन, क्लोरीनवाला माल जाळताना तापमान कमी पडलं तर डायॉक्सिन आणि फ्युरान बनतात, ती डीडीटीहून वाईट. म्हणूनच आधी १०-१० टनांच्या तीन चाचण्या ताशी १३५, १८० आणि २७० किलो वेगानं घेतल्या. चुना मिसळून जाळल्यामुळे राख मूळ कचऱ्याहून जास्त झाली, आणि पुढची अनेक वर्षं लक्ष ठेवायचं ते त्या राखेच्या खड्ड्यावर आणि आसपासच्या बोअरवर.

पण तुमच्या बाळाला आज मिळणारा डोस मोजायचा तर पिथमपूर तीसेक किलोमीटरवर आहे आणि माळा डोक्यावर. मोर्चा काढायचा तो जरूर काढा, फक्त त्याआधी डबा उतरवा.

पिवळा_त्रिकोण
पटलं. पाण्याचं तेवढं सांगा. उन्हाळ्यात नर्मदेचं पाणी कमी पडलं की टँकर किंवा बोअर.

मायक्रोपिपेट
टीडीएस मीटर कीटकनाशक दाखवत नाही, तो क्षार मोजतो. दूषित पाण्याचा टीडीएस २०० असू शकतो आणि शुद्ध बोअरचा ९००. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात डीडीटीची मर्यादा लिटरला १ मायक्रोग्रॅम, लिंडेनची २. उकळून ती जात नाहीत, जंतू जातात. पकडतो तो सक्रिय कोळशाचा गाळणा, आणि तो भरला की नुसता शोभेला. कंपनीनं सांगितलेल्या लिटरांवर बदला, चव बिघडायची वाट बघू नका. मुळात ही औषधं पाण्यात फार कमी उतरतात, त्यामुळे पाणी माझ्या यादीत खाली. धूळ वर.

अन्नपूर्णा_३४
क्षमस्व, पण भाज्या कशा धुवायच्या? बाळाचं उष्टावण पुढच्या महिन्यात.

भुट्ट्याचा_कीस
मंडळी, पोहे-जिलेबी! दहात नाही आला म्हणून अर्धी प्लेट कापून घ्या, पण आला.

अन्नपूर्णा_३४
जिलेबी तुम्हीच खा, उत्तर कुणीतरी द्या.

काळी_माती
लिटरभर पाण्यात १० ग्रॅम खायचा सोडा, म्हणजे दोन सपाट चमचे. १२ ते १५ मिनिटं बुडवून मग वाहत्या पाण्याखाली चोळून. सफरचंदावर केलेल्या एका प्रयोगात सालीवरची दोन औषधं यानं उतरली होती. पण सालीच्या आत शिरलेलं आणि झाडाच्या रसातून आलेलं, म्हणजे आंतरप्रवाही औषध, कशानंही धुतलं जात नाही. म्हणून पहिल्या महिन्यांत साल काढता येते अशा गोष्टी: दुधी, लाल भोपळा, केळं, बटाटा. फ्लॉवर आणि पानकोबी थोड्या उशिरा. तांदळाचं औषध कोंड्यात जास्त, तेव्हा बाळाच्या पेजेला हातसडीचा आग्रह नको. नाचणीचं सत्त्व काढताना भिजवून दोनदा पाणी ओतून टाकतो ती पद्धत चांगलीच आहे.

कुंची_टोपरं
मूळ मुद्द्यावर येते. डबा सापडला आणि भिंतीला जुना चुना आहे. क्रमानं काय करायचं?

वाळवीचा_वैरी
ताई, डबा उघडून वास घेऊ नका, ही पहिली पायरी. बीएचसीला कुबट, बुरशीसारखा उग्र वास येतो, डीडीटीला जवळपास नाही, त्यामुळे वासावरून खात्री होतही नाही. हातमोजे आणि मास्क घाला, डबा होता तसा जाड पिशवीत, ती दुसऱ्या पिशवीत, वर चिठ्ठी 'कीटकनाशक'. जिथे सांडलंय तिथे झाडू नको, ओल्या फडक्यानं टिपा आणि ते फडकं त्याच पिशवीत. मोरीत ओतायचं नाही, जाळायचं नाही, बागेत पुरायचं तर मुळीच नाही. आपल्या कचरागाडीत सहा कप्पे आहेत, त्यात घरगुती घातक कचऱ्याचा वेगळा आहे. गाडीवाल्याला काय आहे ते सांगून त्यात. रिकामा डबा पिठासाठी ठेवण्याचा मोह आवरा.

भिंतीचं असं, की मलेरियाच्या फवारणीत चौरस मीटरला एक ग्रॅम डीडीटी मारत, वर्षातून दोनदा. त्यावर चुन्याचे थर चढले. थर चढलेलेच राहू द्या! खरा घोटाळा होतो रंगाऱ्यानं कोरडा पॉलिशपेपर घासला की. जुना ऑइलपेंट असेल तर शिसंही उडतं. पोपडे सुटले असतील तेवढेच पाणी मारून, भिजवून खरवडा, खाली प्लॅस्टिक अंथरून. वर प्रायमर आणि नवा रंग. त्या आठवड्यात गरोदर बाई आणि मुलं दुसरीकडे.

सुंठेवडा
आणि नंतर रोजचं: चपला दाराबाहेर, केरसुणीऐवजी ओलं पुसणं, बाळाचे हात खाण्याआधी आणि रांगून झाल्यावर, खेळणी दोन दिवसांआड साबणानं. घरातल्या धुळीतून जाणारा वाटा यानंच सर्वात जास्त तुटतो. औषधांच्या कपाटातही बघा: खरूज-उवांचं गामा बेंझिन हेक्साक्लोराइड लोशन असेल तर ते लिंडेनच. लहान मुलाच्या अंगाला लावायचं नाही. खरजेला दोन महिन्यांवरच्या बाळाला परमेथ्रिन ५ टक्के क्रीम असतं, तेही डॉक्टरांना विचारून.

चुकून तोंडात गेलंच तर ओकारी काढू नका. बाटलीबंद औषध बहुधा रॉकेलसारख्या तेलात असतं, उलटताना ते फुप्फुसात जातं. तूप, दूध, एरंडेल काहीही पाजू नका. क्लोरीनवालं औषध चरबीबरोबर जास्त वेगानं शोषलं जाईल, म्हणजे 'विषावर तूप' हा उतारा इथे उलटा पडतो. अंगावर सांडलं तर कपडे काढून साबणपाण्यानं पंधरा मिनिटं. लाळ, घाम, बारीक झालेल्या बाहुल्या, धाप दिसली तर औषध फॉस्फरसवालं किंवा कार्बामेट, त्याला ॲट्रोपिन हा उतारा आहे. थरथर आणि झटके दिसले तर क्लोरीनवालं असू शकतं. त्याला उतारा नाही, झटके थांबवणं हाच इलाज. म्हणून बाटली किंवा लेबल बरोबर न्या. १०८ ला फोन, आणि दिल्लीच्या एम्सचं विषबाधा माहिती केंद्र चोवीस तास असतं: १८००-११६-११७.

पिवळा_त्रिकोण
लेबलवरचा त्रिकोण मात्र फसवतो. लाल, पिवळा, निळा, हिरवा हे रंग एका दमात पोटात गेलं तर किती मारक, एवढंच सांगतात. अंगात किती वर्षं राहील याबद्दल त्रिकोण गप्प. (नाव घेऊन बसलोय म्हणून सांगतो.)

बिनखताचा
देशी गाईवरचं माझं मत कायम आहे. पण गोळ्या ट्रंकेतून काढल्या.

दुपटंवाली
@बिनखताचा, दुपटी नुसती धुऊन भागणार नाही. ट्रंकही आठ दिवस उघडी ठेवून उन्हात, पत्र्याला आतून साबणानं पुसून. नाहीतर धुतलेली परत त्याच वासात.

कुंची_टोपरं
डबा बांधून ठेवलाय, उद्या सकाळची गाडी. वाळवीवाल्याला ड्रिलचा दर विचारला तर म्हणतो, "शिंपडून देतो ना मॅडम, स्वस्तात." @वाळवीचा_वैरी, ३०० मिमीवर भोकं मारून घेताना मोजपट्टी घेऊन उभं राहायचं का?

वाळवीचा_वैरी
मोजपट्टी घ्याच. आणि औषधाचा डबा तुमच्यासमोर फोडायला लावा, उघडा आणला असेल तर परत पाठवा. दहा बाय बाराच्या खोलीत कडेनं साधारण ४४ भोकं बसतात. मोजा.